प्रीतमची बैठक

रविवारी सकाळी समीक्षा सायकलच्या चाकात हवा भरायला बसली की तिची आई दारात येऊन एकच प्रश्न विचारायची, पाणी घेतलंस का? समीक्षा दोन्ही बाटल्या हलवून दाखवायची, आईचं समाधान झालं की हेल्मेट चढवायची आणि भावाची सायकल घेऊन बाहेर पडायची. सायकल तिच्या मानाने उंच होती. सीट खाली घेता आली असती, पण प्रीतमने ठेवली होती तिथेच तिने ती ठेवली आणि पाय ताणून ताणून चालवायला शिकली. हट्टीपणा त्या घरात वारशाने चालत आलेला. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या देशकरांकडे पोरांना द्यायला दुसरं फारसं काही नव्हतंही.

प्रीतम तिचा धाकटा भाऊ. बालाघाटच्या डांबरी रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे रेतीच्या डंपरपुढे मान ठेवायची, म्हणून त्याने दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या. वैनगंगेच्या खोऱ्यात त्या होत्याच, फक्त त्यांना कोणी रस्ते म्हणत नव्हतं. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने गेलेला मुरूम, आग पसरू नये म्हणून जंगलखात्याने साफ ठेवलेले पट्टे, धानाच्या बांध्यांमधली बैलगाडीची चाकोरी. मोटारीचं एकही चाक न भेटता बालाघाटहून रामपायलीच्या राममंदिरापर्यंत जाता येतं, हे त्याने दाखवून दिलं आणि जाड टायरच्या सायकली घेऊन नागपूर-रायपूरची माणसं यायला लागली. शहरातल्या माणसाला धूळ खायला मिळाली की तो केवढा खूश होतो, हे पाहून बालाघाटकर थक्क झाले.

जोडीला गजेंद्र टेंभरे होता. त्याचं घर रामपायलीच्या अलीकडे, शेतात. सायकलवाले दमून त्याच्याच अंगणात उतरायचे आणि त्याची आई गोदाबाई त्यांना पोटभर भात वाढायची. प्रीतम वाट शोधायचा, गजेंद्र लोकांना त्या वाटेने न्यायचा, आणि लोक नाव घ्यायचे ते प्रीतमचं. हे शेवटचं गजेंद्रला कसं वाटतं, ते कोणी कधी विचारलं नाही.

आदल्या वैशाखात दोघं एक नवा फाटा पाहायला निघाले. धान निघालं की नहराचं पाणी बंद होतं. वैशाखात त्याच्या तळाला भेगा पडतात, आणि काठावर एखाददुसरं मोहाचं झाड सोडलं तर डोकं टेकायला सावली नसते. गजेंद्रने नंतर सांगितलं ते असं. नहरावरच्या जुन्या मोरीजवळ प्रीतमला चक्कर आली. तो पडला आणि त्याचा पाय मोडला. उरलेलं पाणी त्याच्या हाताशी ठेवून गजेंद्र मदत आणायला धावला. ट्रॅक्टर घेऊन परत आला तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी लू लागली, उष्माघात, म्हणून लिहिलं. तेरवीला गजेंद्र इतका रडला, की समीक्षाच्या आईनेच त्याला पोटाशी धरलं.

पावसाळा लागायच्या आधी समीक्षा तिथेच राहिलेली प्रीतमची सायकल आणायला गजेंद्रच्या घरी गेली. गजेंद्र शेतात होता. गोदाबाईने तिला ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं. पाणी स्टीलच्या बाटलीत होतं. भांड्याच्या दुकानात नाव टाकून घेतात तसं बाटलीच्या बुडाशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं होतं, आशालता देशकर. समीक्षाच्या आईचं नाव. घरातून निघताना प्रीतमने हीच बाटली सायकलला अडकवली होती, आणि गजेंद्रच्या सांगण्याप्रमाणे ती प्रीतमच्या हाताशी राहिली होती.

समीक्षाने आवाज शक्य तितका साधा ठेवून विचारलं, बाटली छान आहे, कुठून आणली?

"गज्यानं आणली," गोदाबाई म्हणाली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. "तुह्या भावाचं झालं न बाई, त्याच दिवशी. रिकामी होती, म्या घासून ठेवली. थंड राह्यते यातलं पानी."

समीक्षा ते पाणी प्यायली नाही. तिने बाटली खाली ठेवली आणि सायकल घेऊन निघाली. एका बाटलीवरून कोणाला शिक्षा होत नाही, एवढं तिला कळत होतं. आठवण म्हणून आणली, असं गजेंद्र म्हणाला असता आणि लोकांनी वर डोळे पुसले असते. शिवाय तिला शिक्षा नकोच होती. तिला फक्त एकच हवं होतं. जी तहान लागून प्रीतम गेला, ती तहान गजेंद्रला लागावी. त्याने पाणी मागावं आणि ते त्याला मिळू नये.

आता त्या भागातली एक रीत सांगायला हवी. वाटेवर कोणी मेला तर त्याला तिथे मेला म्हणत नाहीत, बसला म्हणतात. त्या जागी जाणारा-येणारा एक दगड ठेवतो आणि म्हणतो, बस भाऊ, बस. म्हणजे तो उठून कोणाच्या मागे लागत नाही. दगडांचा ढीग वाढत जातो, त्याला बैठक म्हणतात. बैठकीवर दगड ठेवायचा असतो, उचलायचा कधी नसतो. कारण दगड जिथे जाईल तिथे बसणाराही जातो. पूर्वी एका ठेकेदाराने अशा बैठकीचे दगड घराच्या पायात घातले होते म्हणे. ते घर अजून उभं आहे, पण त्यात कोणी राहत नाही, आणि का राहत नाही ते गावातलं कोणी सांगत नाही.

मोरीजवळ प्रीतमची बैठक झाली होती. पाऊस सरून वाट वाळली आणि सायकलवाले पुन्हा यायला लागले. आता त्यांना गजेंद्र न्यायचा, आणि नावही त्याचंच झालं होतं. बैठकीशी सगळे थांबायचे. शहरातली माणसं मोठ्या भावनेने दगड ठेवायची, फोटो काढायची. समीक्षाही त्यांच्यात जायला लागली. बहीण भावाच्या वाटेवरून जाते याचं सगळ्यांना केवढं कौतुक! ती वाकायची, नमस्कार करायची, आणि उठताना बैठकीतला एक दगड जर्सीच्या मागच्या खिशात घालायची. पुढे गजेंद्रच्या अंगणात चहा चालू असताना तो हळूच खाली सोडायची. अंगणात क्रशरवरची गिट्टी पसरलेली होती. दगडात दगड पडला तर कोण बघतं? वरून कीर्तन, आतून तमाशा. दर रविवारी ती मनात म्हणायची, ऊठ प्रीतम, चल माझ्याबरोबर.

दिवाळीपर्यंत काही झालं नाही. मग एकदा गोदाबाई तिला मागच्या दारी घेऊन गेली आणि दबक्या आवाजात म्हणाली की घरात पाणी टिकत नाही. सकाळी भरलेला माठ दुपारी कोरडा असतो. माठ बदलून पाहिला. म्हशीच्या टाक्यातलं पाणीही जातं. आणि दुपारी सगळीकडे सामसूम झाली की अंगणातल्या गिट्टीवरून सायकल फिरवल्याचा आवाज येतो, कर्र... कर्र... घराला वळसा घालून माठाजवळ थांबतो. मग घटघट आवाज येतो. जाऊन पाहावं तर कोणी नसतं. माठाच्या पोटावर तेवढा ओल्या तळव्याचा ठसा असतो.

समीक्षाच्या अंगावर काटा आला, पण त्यात भीती थोडी आणि आनंद जास्त होता. तिने ओसरीकडे पाहिलं. गजेंद्र पाहुण्यांशी बोलत होता आणि दर वाक्याला ओठांवरून जीभ फिरवत होता.

हिवाळाभर ती दगड नेत राहिली. गजेंद्र वाळत गेला. तो पाणी प्यायचा, तांब्यावर तांबे प्यायचा, पण तोंडात ओल राहत नव्हती. बालाघाटला जाऊन साखर तपासली, ती ठीक निघाली. ओठांना चिरा पडल्या, आवाज खरखरीत झाला. पाहुण्यांच्या बाटल्याही त्याच्या अंगणात रिकाम्या व्हायला लागल्या, तसे पाहुणे यायचे थांबले. हे सगळं समीक्षाला हवं होतं तसंच चाललं होतं. नको होतं ते एवढंच, की सुक्याबरोबर ओलंही जळत होतं. गोदाबाई दिवसातून कितीदा तरी दूरच्या हातपंपावरून पाणी आणायची. तिचे खांदे गेले, चालताना ती भिंत धरायला लागली.

होळीनंतर एका रविवारी गोदाबाईने तिचा हात धरला. हात कागदासारखा कोरडा होता. "बाई," ती म्हणाली, "माह्या घरी कोनाची तरी बैठक आली. म्या कोनाचं काय केलं? मले पानी भरू भरू मारून राह्यले..."

खिशात त्या दिवशीचा दगड होता. समीक्षाचा हात खिशाशी गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. परत नेऊन ठेवावा असं तिला खरंच वाटलं. मग तिला ती बाटली आठवली, म्या घासून ठेवली म्हणालेली गोदाबाई आठवली. बिचारीची त्यात काय चूक होती? काहीच नव्हती. तरी समीक्षाने दगड खाली सोडला.

वैशाख लागल्यावर गजेंद्रचा फोन आला. एकटीच ये, पहाटे ये, असं तो म्हणाला. ती गेली तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून गिट्टी चाळत होता. क्रशरची गिट्टी काळी होती आणि मोरीवरचे दगड लालसर. त्याने लाल दगड वेचून पिशवीत भरले होते.

"तूच आनले न?" त्याने विचारलं.

"हौ."

तो रागावला नाही. त्याच्यात रागावण्याइतकी ओलही उरली नव्हती. तो म्हणाला की दगड त्याच्याच हाताने परत ठेवायचे आहेत, तिने फक्त सोबत यावं. आपण एकटे गेलो तर पोचणार नाही असं त्याला वाटत होतं. समीक्षाने हो म्हटलं. का म्हटलं? दया आली म्हणून नव्हे. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

गारव्यातच निघाले, पण दगडांची पिशवी पाठीवर घेऊन गजेंद्रला चढ ओढवेना. जागोजागी उतरावं लागलं. त्याच्या बाटल्या घरातून भरून घेतल्या होत्या, त्या पहिल्याच वळणावर रिकाम्या झाल्या आणि त्याने झाकणही उघडलं नव्हतं. समीक्षाच्या बाटल्या भरलेल्याच होत्या. ऊन चढत गेलं. मोहाच्या शेवटच्या फुलांचा आंबूस-गोड वास वाऱ्याशिवाय नुसता साचून राहिला होता. डाव्या हाताला नहराचा भेगाळलेला तळ पांढरा पडला होता. मुरमावर दोन सायकली चालत होत्या, आणि समीक्षाला तीन ऐकू येत होत्या. तिने मागे पाहिलं नाही. गजेंद्रनेही पाहिलं नाही. तो फक्त एकदा पुटपुटला, "येऊन राह्यला..."

मोरीशी पोचले तेव्हा सावल्या पायाखाली आल्या होत्या. प्रीतमची बैठक तिने पोखरून पार खाली आणली होती. गजेंद्र गुडघ्यांवर बसला आणि एकेक दगड ठेवायला लागला. बस प्रीतम, बस. दर दगडाला तो म्हणत होता. पिशवी रिकामी झाली तेव्हा तो तिथेच आडवा झाला आणि त्याने हात पुढे केला.

"पानी दे, समीक्षा."

तिने बाटली काढली, पण दिली नाही. आधी सांग, ती म्हणाली.

त्याने तुटक तुटक सांगितलं. प्रीतम पडला तेव्हा पाणी थोडंच होतं. मी मदत आणतो म्हणून गजेंद्रने बाटली उचलली. प्रीतमने मागितली होती, तरी उचलली. गावाकडे निघालाही. मग त्या पुढच्या मोहाच्या झाडाखाली थांबला. "सगळे त्यालेच विचारत, वाट त्याची, नाव त्याचं... म्या म्हनलं, बसू जरासा. बाटलीतलं पेलो. मंग उठाले झालंच नाही. ऊन कलेपर्यंत बसून राह्यलो. त्याचा आवाज येत होता... मंग बंद झाला."

समीक्षा बाटली धरून उभी होती. बाटली अजून भरलेलीच होती. इथे जर तिने ती बाटली त्याच्या तोंडाला लावली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती, आणि कदाचित सांगण्यासारखीही राहिली नसती. पण तिला फक्त एवढंच ऐकू येत होतं, की त्याचा आवाज येत होता, मंग बंद झाला. तिने बाटली सायकलला परत अडकवली.

"मी मदत घेऊन येते," ती म्हणाली.

गजेंद्रच्या चिरलेल्या ओठांवर काहीतरी हललं. "हौ," तो म्हणाला. "म्या बी असंच म्हनलो होतो..."

ती निघाली. मोहाच्या झाडाशी आली आणि उतरली. सावलीत बसली. पाठीमागून गजेंद्रने हाक मारली, पुन्हा मारली. समोरची वाट सरळ होती आणि तिच्यावर कोणी नव्हतं. तरी मुरमावर कर्र... कर्र... असा आवाज तिच्या अंगावरून गेला, मोरीच्या दिशेने, सावकाश, काही घाई नसल्यासारखा. त्या रखरखाटात नव्या माठाच्या ओल्या मातीचा वास आला. मग घटघट आवाज. फार वेळ कोणीतरी पीत होतं. हाका थांबल्या. समीक्षा बाटली उघडून पाणी प्यायली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. इतकं बरं, की ऊन कलेपर्यंत तिला उठवेना.

मग ती गावात गेली, ओरडली, ट्रॅक्टर आणला. पुढचं सगळं प्रीतमच्या वेळी झालं तसंच झालं. लू लागली म्हणून लिहिलं गेलं. एकट्या बाईने केवढी धावपळ केली, असं लोक म्हणाले. गोदाबाईच्या माठात पाणी टिकायला लागलं होतं, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. समीक्षा भेटायला गेली तेव्हा त्या म्हातारीने तिलाच पोटाशी धरलं. समीक्षाने बांध फुटावा तसं रडून घेतलं. त्यातलं कुठलं रडणं कोणासाठी होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेरवी झाल्यावर एका सकाळी ती एकटीच नहराच्या वाटेने गेली. आता दोघांचंही देणंघेणं मिटलं होतं. दोघांना एकेक दगड ठेवायचा, बस म्हणायचं आणि सायकल कायमची भिंतीला टेकवायची, असं तिने ठरवलं होतं. तेंदूपत्त्याचे दिवस होते. जंगलातून पानं तोडून बायका परत चालल्या होत्या. मोरीवर प्रीतमची बैठक होती, तिच्या शेजारी गजेंद्रची नवी बैठक होती. आणि दोन्हींच्या मधे, थोडी जागा सोडून, तिसरी होती. लहानशी, ताज्या लाल दगडांची.

डोक्यावर पानांचा भारा घेतलेली एक बाई तिथे थांबली. वाकता येईना म्हणून तिने पायानेच एक दगड सरकवून तिसऱ्या ढिगाला लावला आणि हात जोडले.

ही कोणाची बैठक, मावशी, असं समीक्षाने विचारलं.

"मले मालूम नाही, बाई. सकाळी दोन सायकलवाले भेटले. पानी मांगलं, म्या देल्लं. जाता जाता म्हनले, मोरीवर बैठक मांडली हाय, एक दगड ठेवजा."

"पण बसलं कोण?"

"बाईमानूस हाय म्हने." तिने भारा सावरला आणि चालता चालता सांगितलं, "अजून बसली नाही. येऊन राह्यली म्हनत होते."